ओठ एकदाच मिटले

"भाऊ!"

कोकिळानं गोधडी बाजूला केली आणि तिच्या तोंडून हा एवढाच शब्द बाहेर पडला. मग ती वाळूत पालथ्या पडलेल्या त्या माणसाच्या पाठीवर कोसळली आणि ओरडून रडायला लागली. तापीच्या काठावर अर्धं गाव शूटिंग बघायला जमलं होतं. इतका वेळ बायकांची कुजबुज चालली होती, ती बंद झाली. कॅमेऱ्याचा घर्र आवाज तेवढा येत होता.

"कट," दिग्दर्शक अभ्यंकर हळूच म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. दोन दिवस ते या पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायची वाट बघत होते. मग चष्मा परत लावत ते माझ्याकडे आले. "बाई, काय केलं हो पोरीनं! पण शब्द चुकला. 'बाबा' म्हणायचं ठरलं होतं ना? भाऊ कुठून आला मध्येच? हिला भाऊ आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "एकुलती एक आहे."

"मग?"

"साहेब, ती वडिलांना भाऊ म्हणते. घरातले सगळेच त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून तीही."

अभ्यंकरांना अजून नीट उमगलं नव्हतं. मलाही नव्हतं. एवढंच कळत होतं की कोकिळाचं ते रडणं सिनेमातल्या बापासाठी नव्हतं.

तिकडे मढं झालेले वैद्य उठून बसले. मुंबईचे नट, स्वभावानं गोड माणूस. तोंडावरची वाळू झटकत ते हसून म्हणाले, "अगं, केवढ्यानं दचकवलंस! खरंच मेलो असतो ना."

दोन दिवस तालमीत कोकिळा याच माणसाच्या मांडीवर बसून लिमलेटच्या गोळ्या खात होती. आता ती त्यांच्या तोंडाकडे बघतही नव्हती. ती बघत होती त्यांच्या अंगातल्या शर्टाकडे. विटलेला खाकी शर्ट, आणि पाठीवर खांद्याच्या खाली निळ्या चौकडीचं ठिगळ.

ते ठिगळ मीही ओळखलं. कोकिळाचा शाळेचा झगा आखूड झाला तेव्हा तिच्या आईनं तो उसवून त्याचाच तुकडा नवऱ्याच्या शर्टाला लावला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते ठिगळ बघून मीच तिच्या बापाला, प्रल्हादला म्हटलं होतं, "काय हो, पोरीचा गणवेश पाठीवर घेऊन फिरता?" तेव्हा तो लाजला होता.

"हा शर्ट कुठून आणला?" कोकिळानं विचारलं.

वैद्य अजून हसत होते. "कपडेपटातून, बाळा. मला घालायला दिला, मी घातला."

"भाऊंच्या अंगातून काढला?"

वैद्यांचं हसू तिथंच थांबलं.

मी तेव्हा उंबरद्याच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. रावेर तालुक्यातलं केळीच्या बागांचं गाव. कोकिळाचा बाप प्रल्हाद सपकाळे केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. दिल्लीला माल उतरवायचा आणि मिळेल ते भाडं घेऊन परत यायचं. या खेपेला त्याला उशीर झाला होता. मालकाकडे फोन होता. गाडी इंदूर ओलांडून गेल्याचं त्यांना कळलं होतं, त्यापुढचा पत्ता नव्हता. घरी सगळे म्हणत होते, येईल, गाडीचं असंच असतं. पण तिची आई सिंधू दर संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभी राहायची, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

अभ्यंकरांनी कोकिळाला माझ्या वर्गात पाहिलं होतं. मी प फ ब भ म शिकवताना प्रत्येक पोराच्या हातात एक छोटा आरसा देते. हे अक्षर म्हणताना ओठ मिटतात की नाही ते त्यानं स्वतःच बघायचं. फळ्यावर कितीही लिहा, पोराला ते कळत नाही. आरशात दिसलं की विसरत नाही. कोकिळा चौथीत होती, पण माझ्या वर्गात येऊन धाकट्या पोरांना आरसे वाटायची, ते तिचं लाडकं काम. अभ्यंकर दारात उभे राहून ते बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "हीच पाहिजे मला." सिंधूनं नवऱ्याच्या माघारी हो म्हणायला आढेवेढे घेतले. मी म्हटलं, मी स्वतः तिच्याबरोबर राहीन. तेव्हा ती तयार झाली.

सिनेमात गरीब शेतमजूर पुरात बुडतो आणि त्याची पोर त्याला ओळखते, असा प्रसंग होता. कोकिळाला रडूच येईना. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं तर ती खुदकन हसली. अभ्यंकर चिडले नाहीत. त्यांनी ठरवलं, मढ्याचा चेहराच दाखवायचा नाही, ते पालथं ठेवायचं. पोर गोधडी उचलेल, पाठ दिसेल, तिनं 'बाबा' म्हणायचं, बस. तालमीला वैद्य आपल्याच कपड्यांत होते. त्यामुळे तो शर्ट कोकिळाला आधी दिसलाच नव्हता.

वैद्यांनी शर्ट काढून तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाला लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मातीचा वास येतो."

"नदीच्या वाळूचा आहे गं तो. आत्ताच वाळूत लोळले ना ते."

"भाऊंच्या शर्टाला डिझेलचा यायचा."

मी अभ्यंकरांना बाजूला घेतलं. "साहेब, हे सिनेमात ठेवू नका. पोरीचा बाप वाटेवर आहे. पत्ता नाही त्याचा."

"बघतो, बाई," ते एवढंच म्हणाले.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. कोणी सांगितलं, कसं सांगितलं, देव जाणे. ओट्यावर बायका जमल्या होत्या. सिंधू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं कोकिळाच्या हातातला शर्ट घेतला, उलटा केला, ठिगळावरचे आपलेच टाके बोटानं चाचपले.

"बाई, हाच घालून गेले ते," ती म्हणाली. "त्या सकाळी मीच दिला हातात. ते म्हने नवा दे, मी म्हनलं वाटेत कोन बघते तुमले. बाई, अंगावरचा शर्ट सिनेमावाल्याइकडे कसा आला? तुम्हीच सांगा."

तोवर मी वाटेत कोकिळाची समजूत घालत आले होते की तुझ्या आईनं जुना म्हणून कोणाला दिला असेल. आता ते सांगायला तोंड उरलं नाही.

प्रल्हादची आई भागाबाई चुलीपाशी बसली होती. म्हातारीला कमी दिसायचं, पण आवाज खणखणीत. "रडून राह्यल्या कायले साऱ्या जनी?" ती बायकांवर खेकसली. "अंगाले कावळा शिवला की मानसं काय करतात? खोटा सांगावा धाडतात, मानूस गेला म्हनून. नातेवाईक रडले की इडापिडा जाते, आयुष्य वाढते त्याचं. पोरगी रडली, झालं. माह्या पल्हादचं वाढलं आयुष्य."

पण चूल केव्हाच विझली होती, तरी म्हातारी फुंकणीनं फुंकत होती.

त्या दिवशी कोकिळा जेवली नाही. मी तिच्याजवळ बसले. वर्गात आमचा एक खेळ होता. मी एक वाक्य म्हणायची आणि पोरांनी 'खरं' किंवा 'खोटं' ओरडायचं. गाईला चार पाय, खरं. गाय अंडी देते, खोटं. मला वाटलं, त्याच खेळानं तिला समजावता येईल.

"कोकिळा, आपला खेळ खेळू. वैद्यकाका मेले होते. खरं की खोटं?"

"खोटं."

"नदीला पूर आला होता?"

"खोटं. पंपानं पाणी सोडलं होतं."

"शाबास. सिनेमात सगळं खोटं असतं की नाही?"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. मोठ्या माणसाची चूक सापडली की पोरं बघतात तसं.

"शर्ट खोटा होता?" तिनं विचारलं.

"नाही."

"ठिगळ?"

"नाही गं."

"मग एकटे भाऊच कसे खोटे?" ती म्हणाली. "बाई, तुम्हाले माहीत आहे. तुम्ही सगळे मिळून सिनेमा-सिनेमा करून राह्यले. भाऊ गेले, अन् मले कळू नये म्हनून सिनेमा केला."

शर्ट खरा होता. तो घालून गेलेला माणूस दिसत नव्हता. यापेक्षा जास्त मलाही कुठे माहीत होतं?

मी तडक शाळेच्या मागच्या पटांगणात गेले. तिथं सिनेमावाल्यांनी तंबू टाकला होता. कपडेपटाचे रेगे इस्त्री करत होते.

"तो खाकी शर्ट कोणाकडून घेतलात?"

"बाई, गाठोडंभर कपडे घेतलेत. कोणाचा कोणता ते कसं सांगू?"

"ठिगळाचा."

रेग्यांची इस्त्री थांबली. "तो होय. तो ठिगळ बघूनच घेतला मी. असं ठिगळ आम्ही शिवायला गेलो की खोटं दिसतं. रावेरच्या बाजारात एक बोहारीण बसते, भांड्यांवर जुने कपडे घेते. तिच्याकडचा आहे."

"आणि तिच्याकडे कसा आला?"

"ते मी कशाला विचारू? बोहारणीला कोणी विचारतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी युनिटच्या जीपमधून आम्ही रावेरला निघालो; रेगे, मी आणि कोकिळा. तिला नेऊ नये असं सिंधू म्हणत होती. माझंही मन कचरत होतं. बोहारणीनं काही भलतंच सांगितलं तर? पण एकटी जाऊन मी चांगली बातमी आणली असती, तरी पोरीनं ती सिनेमातच जमा केली असती. तिला स्वतः ऐकू द्यायला हवं होतं.

बाजाराच्या कडेला, कडुनिंबाखाली, स्टीलच्या भांड्यांची उतरंड लावून ती बसली होती. हौसाबाई तिचं नाव. मी शर्ट पुढे केला तशी ती सावरून बसली.

"मी नाही पाहिला."

"अहो, यांना तुम्हीच विकलात," मी रेग्यांकडे बोट दाखवलं.

"दिवसाला शंभर कपडे पाहते, बाई. चोरीचा माल माझ्याकडे मिळत नाही. पोलीस आणा नाहीतर कलेक्टर आणा."

"पोलीस नाही आणले. ही पोर आणली आहे."

हौसाबाईनं कोकिळाकडे पाहिलं. कोकिळा पुढे झाली आणि तिनं सरळ विचारलं, "तुम्ही मेलेल्या मानसांचे कपडे घेता?"

रेगे खोकले. मला पोरीचा हात धरून मागे ओढावंसं वाटलं.

"घेते, माय," हौसाबाई म्हणाली. "खोटं कायले बोलू? लोक घरात ठेवत नाहीत, आमच्याकडं देतात. अंगावरचे असले तर ते जळतात, पण पेटीतले येतात."

कोकिळानं शर्ट घट्ट धरला. "हा?"

हौसाबाईनं तो तिच्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला, ठिगळ पाहिलं आणि एकदम तिच्या कपाळावरची आठी गेली. "अगं हा होय! हा तर त्या घासाघीसवाल्याचा."

"कोणाचा?"

"ड्रायव्हर होता कोणी. गाडी तिकडं उभी करून आला. अंगातला शर्ट काढून इथं समोर ठेवला, अन् बनियनवर बसला. एका शर्टावर डबा मागत होता! मी म्हनलं, बाबा, या ठिगळाच्या शर्टात फार तर वाटी येईल. तर म्हने, ठिगळ माह्या पोरीच्या झग्याचं आहे, त्याचे जास्त धर. हसून हसून मेले मी. मग पिशवीतून एक पँट काढली, तीबी दिली. तरी सोडेना. शेवटी वैतागून दिला डबा."

ती कोकिळाकडे वाकली. "माय, हा जिवंत मानसाचा शर्ट आहे. मेलेल्या मानसाच्या कपड्यावर कोनी घासाघीस करत नाही."

रेगे दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

"मग उघड्या अंगानं गेला का तो?" मी विचारलं.

"पिशवीत घरून लपवून आणलेला नवा होता ना. घडी मोडून घातला. म्हने, घरी सांगू नका, बायकोनं शिवलं आहे, तिले वाईट वाटन. ते सोबतचे ड्रायव्हर चिडवतात म्हने, पोरीचा झगा घालून आला म्हनून. डबा घेऊन त्या कासाराकडं गेला, नाव घालायले."

कासाराचं दुकान चार पावलांवर होतं. त्यानं मागच्या फळीवरून डबा काढला. शाळेत न्यायचा असतो तसा, कडीचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं : कु. कोकिळा प्रल्हाद सपकाळे.

"परत येताना नेतो म्हणाला होता," कासार म्हणाला. "मजुरी देऊन गेला आहे. तुम्ही घरचीच माणसं, घेऊन जा."

कोकिळानं नावावरून बोट फिरवलं. एकेक अक्षर, पहिलीत गिरवायची तसं. मग डबा परत त्याच्या हातात दिला.

"घे ना, तुझाच आहे," मी म्हटलं.

"नको. भाऊ घेतील. मी नेला तर त्यांले इथं यायचं काम उरनार नाही."

जीपमध्ये ती माझ्याजवळ बसली. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "बाई, शर्टाचं कळलं. पण भाऊंचं कुठं कळलं?"

तेही खरंच होतं. शर्ट मेलेल्या माणसाचा नव्हता, एवढंच आम्ही घेऊन चाललो होतो. प्रल्हाद कुठे आहे ते हौसाबाईला माहीत नव्हतं, कासाराला नव्हतं, मालकाला नव्हतं.

घरी सिंधूला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग संतापली. "माह्या हातचं ठिगळ त्याले लाजीरवानं वाटलं व्हय? येऊ द्या घरी!" तो राग ऐकून मला फार बरं वाटलं. पण संध्याकाळी ती पुन्हा फाट्यावर गेली, आणि आता कोकिळाही तिच्याबरोबर जायला लागली.

शूटिंग आटोपून युनिट निघून गेलं. जाताना वैद्य कोकिळाला भेटायला आले. ती दाराआड गेली, बाहेर आली नाही. त्यांनी गोळ्यांची पुडी ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, तो माणूस आला की मला कळवा. तोवर मला चैन पडणार नाही."

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. वाऱ्यानं वर्गाचं दार वाजलं की कोकिळा चौथीच्या वर्गातून उठून माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन उभी राहायची; तिथून रस्ता दिसायचा. हेडमास्तरांनी एकदा हटकलं, मग तेही सोडून दिलं. ती रडत नव्हती. मला तेच सोसत नव्हतं.

एका दुपारी मी पोरांना आरसे वाटत होते. कोकिळा मदतीला आली होती. दारात सावली पडली. मी मान वर केली. दाढी वाढलेला, डोळे आत गेलेला, अंगावर मळकट झालेला नवा शर्ट, आणि हातात स्टीलचा डबा.

"बाई, येऊ का?" प्रल्हाद म्हणाला. "घरी सांगितलं, पोरगी हितं आहे. गाडीचा पाटा मोडला होता चंबळच्या रानात. सामान येईस्तोवर गाडी सोडून हलता येईना. काय झालं काय? सारं गाव माह्याकडं असं काय बघून राह्यलं?"

कोकिळा जागची हलली नाही. आधी तिनं डबा बघितला. मग त्याचा शर्ट. मग त्याचा चेहरा. मग ती वर्गाकडे वळली आणि पहिलीच्या पोरांना विचारलं,

"हे माझे भाऊ आहेत. खरं की खोटं?"

"खरंऽऽ!" तीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली.

तेव्हा कुठे ती गेली त्याच्याजवळ. रडली नाही. त्याच्या शर्टाला नाक लावून उभी राहिली.

पुढे प्रल्हादला हे सगळं कळलं, तेव्हा त्याला त्याची फार गंमत वाटू लागली. चारचौघांत सांगायचा, "माह्या पोरीनं माह्यासाठीचं रडनं आधीच उरकून टाकलं आहे. आता यमाची काय टाप आहे?" सिंधूनं मात्र त्याला महिनाभर नवा शर्ट घालू दिला नाही. ठिगळाचाच घाला म्हणायची.

सिनेमा तयार होऊन रावेरच्या टॉकीजला लागला. अभ्यंकरांनी तो प्रसंग ठेवला होता. पोर गोधडी उचलते आणि ओरडते, "बाबा!" आवाज दुसऱ्याच कोणा मुलीचा, मुंबईत भरलेला. मी सिनेमा बघून बाहेर आले तर बायका म्हणत होत्या, "काय काम केलं पोरीनं! अगदी खरं वाटतं." कोकिळा तो बघायला गेलीच नाही. प्रल्हाद दोनदा गेला.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. कोकिळा शिकली, भुसावळला दवाखान्यात नर्स झाली, संसाराला लागली. मी निवृत्त होऊन जळगावला आले. इथंही शेजारची पोरं येतात, आरसे अजून कपाटात आहेत. प्रल्हाद गेल्या वर्षी गेला. म्हातारा होऊन, घरात, सगळ्यांच्या समोर.

तेराव्यानंतर काही दिवसांनी कोकिळा माझ्याकडे आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाई, मी रडले नाही. सगळे रडले, मी सगळं केलं, पण पाणीच आलं नाही. आत्या म्हणाल्या, दवाखान्यात राहून हिचं काळीज दगड झालं. मी म्हटलं, मी लहानपणीच रडले आहे त्यांच्यासाठी. ते स्वतःच म्हणायचे ना तसं."

"मग?"

"मग परवा पोरानं तो सिनेमा मोबाइलवर काढून दिला. मी पहिल्यांदा पाहिला. बाई, त्यात मी 'बाबा' म्हणते. मला आठवत होतं, मी 'भाऊ' म्हटलं. आता वाटतं, माझ्याच मनाचं असेल. ती पोर सिनेमातल्या बापासाठीच रडते आहे, सांगितलं तसं. मग भाऊंसाठी मी कधी रडले? तेव्हाही नाही, आताही नाही?"

तिच्या हातात मोबाइल होता. मी उठले, कपाटातून एक आरसा काढला आणि तिच्यासमोर धरला.

"बाई, हे काय?"

"तू किती पोरांना वाटलेस हे. म्हण, बाबा."

तिला हसू आलं, पण ती म्हणाली, "बाबा."

"ओठ किती वेळा मिटले?"

तिनं आरशात बघून पुन्हा म्हटलं. "दोनदा."

"आता म्हण, भाऊ."

तिनं म्हटलं नाही. तिच्या ध्यानात आलं होतं.

"आवाज बंद कर त्याचा," मी म्हटलं. "आणि लाव."

तिनं आवाज बंद केला. तळहाताएवढ्या त्या पडद्यावर तापीचा काठ आला, वाळू आली, झग्यातली लहानगी पोर चालत आली. ती वाकली. तिनं गोधडी बाजूला केली. निळ्या चौकडीचं ठिगळ दिसलं. पोरीनं मान वर केली. तिचे ओठ एकदा मिटले, उघडले, आणि पुढे गोल होऊन तसेच राहिले. दुसऱ्यांदा मिटलेच नाहीत.

कोकिळानं पुन्हा लावलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पोरीनं गोधडी उचलली तेव्हा खोलीत आवाज आला. मोबाइलमधून नव्हे, माझ्या शेजारून, बरोबर त्या ओठांवर.

"भाऊ!"

मग ती वाकली आणि रडायला लागली, नदीकाठी रडली होती तशी. मी आरसा बाजूला ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.